कूलिंगवरच्या बाळाचं सेडेशन: मात्रा, पंप आणि बाळाकडे बघणं

जन्माच्या वेळी मेंदूला ऑक्सिजन कमी पडलेलं बाळ कूलिंगवर (मेंदू वाचवण्यासाठी मुद्दाम थंड ठेवलेलं) असतं तेव्हा ते शांत दिसतं. रडत नाही, हातपाय फारसे हलवत नाही, ठोके नव्वदच्या आसपास. या बाळाला काही दुखत नसेल असं समजणं ही पहिली चूक. दुसरी चूक नेमकी उलटी: दुखत असेलच असं धरून इतर बाळांना देतो त्याच मात्रेत मॉर्फीन सुरू करायचं आणि ७२ तास पंपाला हात लावायचा नाही. पहिल्या चुकीत बाळ मुकाट सोसतं. दुसरीत औषध अंगात साचत जातं, आणि चौथ्या दिवशी बाळ डोळे उघडत नाही ते मेंदूमुळे की मॉर्फीनमुळे, हे कोणालाच सांगता येत नाही.

हे टिपण एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) प्रत्यक्ष बाळाजवळ उभ्या राहणाऱ्या डॉक्टर आणि सिस्टर यांच्यासाठी आहे. बाळ ३६ आठवडे पूर्ण झालेलं, जन्मापासून ६ तासांच्या आत कूलिंग सुरू झालेलं, शरीराचं तापमान ३३ ते ३४ अंश, मुदत ७२ तास, हे गृहीत धरलं आहे. कूलिंग करावं की नाही हा आपल्याकडे वेगळा आणि गंभीर प्रश्न आहे. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशात झालेल्या हेलिक्स चाचणीत (मुंबईतलं सायनचं लोकमान्य टिळक महापालिका वैद्यकीय महाविद्यालयही तिच्यात होतं) कूलिंगच्या गटात ४२ टक्के बाळं दगावली आणि दुसऱ्या गटात ३१ टक्के. २०२१ साली हे आकडे प्रसिद्ध झाल्यापासून तो निर्णय हलक्याने घेता येत नाही. इथे निर्णय झाल्यानंतरचं बोलू. खालच्या मात्रा आपल्या युनिटच्या लेखी प्रोटोकॉलशी ताडून पाहा. फरक आढळला तर वरिष्ठांशी बोलल्याशिवाय पंप सुरू करू नका.

सेडेशन, म्हणजे औषधाने शांत ठेवणं, मुळात कशासाठी

नवजात बाळ मोठ्या माणसासारखं फारसं कुडकुडत नाही. त्याचं शरीर तपकिरी चरबी जाळून उष्णता तयार करतं. त्यासाठी नॉरअॅड्रेनालिन वाढतं, कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, ऑक्सिजनचा खप वाढतो. म्हणजे ज्या मेंदूची भूक कमी करायची म्हणून आपण बाळाला थंड केलं, त्याच्याच शरीराची भूक आपण वाढवून ठेवतो. २००१ साली नवजात डुकरांच्या पिलांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. भूल दिलेल्या पिलांमध्ये कूलिंगने मेंदू वाचतो हे आधी दिसलं होतं. या वेळी पिलांना २४ तास सेडेशनशिवाय थंड ठेवलं, तर मेंदूला संरक्षण मिळालंच नाही. थंडीच्या ताणाने कूलिंगचा फायदा खाऊन टाकला असावा, असा संशोधकांचा कयास होता. कूलिंगवरच्या बाळांना शामक औषध देण्याची पद्धत रुजली त्यात या प्रयोगाचा वाटा मोठा आहे.

माणसाच्या बाळात मात्र पुरावा इतका स्वच्छ नाही. २००९ च्या टोबी चाचणीत बाळ अस्वस्थ वाटलं तर मॉर्फीन किंवा क्लोरल हायड्रेट द्यायचे. २०१० च्या युरोपातल्या निओ-न्यूरो चाचणीत सगळ्याच बाळांना मॉर्फीन किंवा फेंटॅनिल ठरवूनच दिलं होतं. सगळ्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेनच्या २०२२ च्या आढाव्याला कूलिंगमधल्या सेडेशनची निकषात बसणारी एकही चाचणी सापडली नाही. यातून आम्ही जो अर्थ काढतो तो असा: वेदना आणि थंडीचा ताण यावर इलाज करायचा, पण कमीत कमी औषधात, आणि बाळाकडे पुन्हापुन्हा पाहून. ‘सगळ्यांना सारखं’ हा नियम या बाळांना लागू करू नका.

पहिली मात्रा देण्याआधी

मेंदूची तपासणी आधी, औषध नंतर. जाग, अंगाचा ताठरपणा, चोखणं, मोरो (दचकण्याचा) प्रतिक्षेप, डोळ्यांच्या बाहुल्या, श्वास, हे सगळं वेळेसह लिहून ठेवा. मॉर्फीनने बाहुल्या बारीक होतात, चोखणं मंदावतं, अंग सैल पडतं. एकदा औषध गेलं की मूळचं बाळ कसं होतं हे पुन्हा कळायचा मार्ग नाही. एईईजी (मेंदूची विद्युत हालचाल सतत दाखवणारं यंत्र) लावता येत असेल तर औषधाआधीची अर्ध्या तासाची पट्टी मिळवायचा प्रयत्न करा. बाळ तळमळत असेल तर मात्र त्या पट्टीसाठी ताटकळत ठेवू नका.

मग आईच्या केस पेपरवर नजर टाका. कळा देताना तिला पेथिडीन, पेंटाझोसीन किंवा ट्रॅमाडॉल दिलं का? रक्तदाबाच्या झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेट चालू होतं का? मॅग्नेशियमने बाळ सैल आणि सुस्त असतं, आणि त्यावर मॉर्फीन पडलं तर श्वास थांबू शकतो. बाळाला झटक्यांसाठी फेनोबार्बिटोन गेलं असेल तर तेही मोजणीत धरा. दर किलोला २० मिलिग्रॅमचा एक डोस दिवसेंदिवस अंगात राहतो आणि गुंगी आणतो, पण वेदना थांबवत नाही. लघवी होते आहे का, हेही आधीच बघा. या बाळांची मूत्रपिंडं बऱ्याचदा दुखावलेली असतात आणि मॉर्फीनचे घटक तिथूनच बाहेर पडतात.

अस्वस्थ बाळाला औषध देण्याआधी दोन मिनिटं त्याला नीट न्याहाळा. पोट खाली तटतटलेलं आहे का, म्हणजे मूत्राशय भरलं आहे का? गुदद्वारातला तापमानाचा प्रोब चिकटपट्टीतून ओढला जातोय का? श्वासाची नळी एका बाजूला सरकली आहे का, कफ साठला आहे का? व्हेंटिलेटरचा श्वास बाळाच्या श्वासाशी झगडतोय का? पाठीखाली वायरची गाठ आली आहे का? यातलं काही सापडलं तर ते आधी नीट करा. कितीतरी वेळा बोलसची (एका वेळी दिलेल्या जादा मात्रेची) गरज तिथेच संपते.

स्कोअर: काय धरायचं, काय सोडायचं

एन-पास स्केल वापरणं सोयीचं, कारण त्यात वेदना आणि गुंगी दोन्ही मोजता येतात. रडणं, वागणूक, चेहरा, हातपायांचा ताठरपणा, आणि ठोके-रक्तदाब-श्वास-ऑक्सिजन, असे पाच भाग. वेदनेला प्रत्येकी ० ते अधिक २, गुंगीला ० ते उणे २. वेदनेचा स्कोअर ३ च्या वर गेला की काहीतरी करायचं. गुंगीचा उणे २ ते उणे ५ हलकी, त्याखाली खोल. कूलिंगवरच्या बाळाला खोल गुंगीची गरज नाही.

पण हे स्केल कूलिंग डोळ्यांसमोर ठेवून बनवलेलं नाही. मेंदूला मार बसलेलं बाळ औषधाविनाच उणे ६ दाखवू शकतं. म्हणून पहिला स्कोअर औषधाआधीचा हवा, आणि नंतरचे सगळे त्याच्याशी ताडायचे. ठोक्यांचं गणितही बदलतं. ३३.५ अंशाला ८० ते ११० ठोके हे या बाळाचं नॉर्मल. इथे १२५ म्हणजे साध्या बाळाचे १६५ समजा. मॉनिटरचा अलार्म जुन्या मर्यादेवर सोडला तर १२५ ला तो मुकाच राहील आणि ८५ ला उगाच कोकलत राहील. अलार्म कूलिंग सुरू करतानाच बदला: वर १२०, खाली ७०.

ठोके चढले की वेदना हे एकच कारण धरू नका. झटके, रक्त कमी असणं, अॅड्रेनालिन-डोब्युटामाइनचा जोर, किंवा तापमानच वर सरकलेलं असणं, हीही कारणं असतात. चेहरा सगळ्यात खरं सांगतो. भुवया आत ओढलेल्या, डोळे गच्च मिटलेले, नाकापासून ओठापर्यंतची घडी खोल, तोंड चौकोनी उघडलेलं: नळीमुळे आवाज फुटत नसला तरी हे बाळ रडतंय.

सर्व्हो मशीन (बाळाच्या तापमानाप्रमाणे गादीतलं पाणी स्वतःच गार-गरम करणारं) असेल तर आणखी एक खूण मिळते. बाळ थंडीशी झगडत असेल तर ३३.५ धरून ठेवायला मशीनला पाणी जास्त थंड करावं लागतं. बाळाचं तापमान सपाट रेषेत आणि पाण्याचं तापमान तासागणिक खाली, असं दिसलं तर बाळ उष्णता तयार करतंय, म्हणजे ताणात आहे किंवा झटके येताहेत. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी मीराक्रॅडलसारखी, फेज चेंज पदार्थाच्या (वितळताना उष्णता शोषून घेणाऱ्या) गाद्यांची साधनं वापरतात. तिथे पाण्याचा आकडा मिळत नाही. तिथे बाळाचं तापमान पुन्हापुन्हा ३४ च्या वर डोकावणं हीच खूण.

थरथर दिसली तर तो हातपाय हलकेच धरा. धरल्यावर थांबली तर थरथर किंवा कुडकुड, धरूनही हाताला ताल जाणवत राहिला तर झटका. शंका उरली तर एईईजी पाहा. झटक्याला मॉर्फीन देऊ नका, आणि थंडीच्या कुडकुडीला फेनोबार्बिटोन देऊ नका.

स्कोअर पहिले सहा तास दर तासाला, नंतर दर ४ तासांनी, आणि प्रत्येक बोलसनंतर ३० मिनिटांनी.

मॉर्फीन: किती

थंड शरीरात यकृताची एन्झाइमं मंदावतात. मॉर्फीनचा निचरा तापमानाच्या प्रत्येक अंशामागे सुमारे ७ टक्क्यांनी घटतो. ३३.५ ला म्हणजे पाव हिस्सा तिथेच गेला. ऑक्सिजनअभावी यकृत आणि मूत्रपिंडांना बसलेला मार यात धरलेलाच नाही. हंगेरीतल्या एका अभ्यासात (२००८) दर किलोला तासाला १० मायक्रोग्रॅमच्या वर मॉर्फीन मिळालेल्या थंड बाळांच्या रक्तात ते विषारी पातळीपर्यंत चढलेलं दिसलं. पुढच्या मोजमापांतून जी मात्रा पुढे आली ती अशी:

सुरुवातीला दर किलोला ५० मायक्रोग्रॅम, ३० मिनिटांत. मग दर किलोला तासाला ५ मायक्रोग्रॅम.

व्हेंटिलेटरवर नसलेल्या, स्वतः श्वास घेणाऱ्या बाळाला पहिला डोस निम्मा करा किंवा गाळा, दर किलोला तासाला २.५ मायक्रोग्रॅमने सुरू करा, आणि श्वास थांबला तर धरायला माणूस बाळाजवळ ठेवा. असं बाळ शांत असेल तर आधी औषधाविनाचे उपायच करून पाहावेत हे आमचं ठाम मत.

मॉर्फीनचा परिणाम रक्तात स्थिरावायला या बाळात एक दिवसाहून जास्त लागतो. म्हणून ‘दोन तास झाले, फरक नाही’ म्हणून पंप दर किलोला तासाला ५ मायक्रोग्रॅमवरून १०, १० वरून १५ करत गेलात तर त्या वेळी काही दिसणार नाही. दिसेल ते दुसऱ्या दिवशी, एकदम. फरक हवा असेल तर दर किलोला २५ मायक्रोग्रॅमचा छोटा बोलस १५ ते २० मिनिटांत द्या. ६ तासांत असे दोन बोलस लागले तरच पंप दर किलोला तासाला ७.५ मायक्रोग्रॅमवर न्या. १० ही शेवटची पायरी. तिथे पोचलात तर झटके, रक्तातले वायू, मूत्राशय, तापमान हे सगळं पुन्हा तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

उलट दिशेने मात्र घाई चालेल. २४ तासांनी स्कोअर शांत असेल तर ५ चं २.५ करा. लघवी दर किलोला तासाला १ मिलीच्या खाली असेल तर २४ तासांचीही वाट पाहू नका.

सिरिंज कशी भरायची

एक सोपं सूत्र भिंतीवर लावून ठेवा: वजन किलोत, गुणिले ०.२ मिलिग्रॅम, एकूण २० मिलीत. म्हणजे १ मिलीत दर किलोला १० मायक्रोग्रॅम. पंप तासाला ०.५ मिली ठेवला की बाळाला दर किलोला तासाला ५ मायक्रोग्रॅम मिळतं.

३ किलोच्या बाळासाठी:

१. अँप्यूलवर काय लिहिलंय ते दोघांनी मोठ्याने वाचा. आपल्याकडे १ मिलीत १० मिलिग्रॅम आणि १ मिलीत १५ मिलिग्रॅम अशा दोन्ही अँप्यूल मिळतात. दिसायला सारख्या असतात.

२. १० ची अँप्यूल असेल तर सलाइन घालून एकूण १० मिली करा, १५ ची असेल तर १५ मिली. दोन्हीत आता १ मिलीत १ मिलिग्रॅम.

३. यातलं ०.६ मिली १ मिलीच्या सिरिंजने मोजून घ्या. (३ गुणिले ०.२)

४. त्यात १९.४ मिली ५ टक्के डेक्स्ट्रोज किंवा सलाइन घाला. एकूण २० मिली.

५. लेबल: औषध, एकूण मिलिग्रॅम, एकूण मिली, बाळाचं वजन, तारीख, वेळ, दोघांच्या सह्या. लाल पेनने ‘कूलिंग’.

६. पहिला डोस ५ मिली, पंप तासाला १० मिली, आणि पंपावर ‘एकूण ५ मिली’ ही मर्यादा घाला.

ही मर्यादा विसरू नका. घातली नाही आणि अर्ध्या तासाने कोणाला पंप ०.५ वर आणायचं राहिलं, तर उरलेलं १५ मिली दीड तासात बाळात जातं. दर किलोला १५० मायक्रोग्रॅम. मर्यादा असेल तर पंप ५ मिलीवर थांबून ओरडतो.

५० मिलीची सिरिंज घेऊ नका. तासाला ०.५ मिली इतक्या मंद वेगाला मोठ्या सिरिंजचा दट्ट्या अडकत-सुटत पुढे सरकतो, आणि औषध कधी थांबतं, कधी एकदम जातं. २० मिलीत दिवसाचं काम भागतं: पहिला डोस ५ आणि २४ तासांचं १२, एकूण १७ मिली. सिरिंज तशीही २४ तासांनी बदलायची असते.

सगळ्यात जास्त फसवते ती एक्स्टेन्शन लाइन. तिच्यात १ ते १.५ मिली द्रव मावतो. ती सलाइनने भरून जोडली तर तासाला ०.५ मिलीच्या वेगाला पहिला थेंब बाळापर्यंत पोचायला दोन-तीन तास लागतात. तोवर इकडे ‘मॉर्फीन चालू आहे, तरी बाळ तळमळतंय’ म्हणून वेग वाढवला जातो. म्हणून लाइन टोकापर्यंत औषधानेच भरा, पंपातली ढील पर्ज करून काढा, मग जोडा. आणि ही लाइन इतर कशालाही देऊ नका. याच कॅन्युलातून कोणी अँटिबायोटिक ढकललं आणि मागून फ्लश मारला, की लाइनीत साठलेलं मॉर्फीन एका झटक्यात आत जातं. अॅड्रेनालिन किंवा डोब्युटामाइनच्या लाइनीत तर जोडूच नका.

उरलेलं औषध दोघांसमोर टाकून रजिस्टरवर मिली आणि मिलिग्रॅम दोन्ही लिहा. मॉर्फीन आणि फेंटॅनिल २०१४ च्या कायदादुरुस्तीनंतर ‘अत्यावश्यक मादक औषधां’च्या यादीत आहेत. मान्यताप्राप्त संस्थेला ती ठेवता येतात, पण कुलूप आणि नोंद काटेकोर हवी. परवान्याच्या भीतीने मॉर्फीन ठेवतच नाहीत अशी रुग्णालयं अजूनही आहेत, आणि तिथे बाळाला मिळते ती फक्त मिडाझोलामची गुंगी. हे बदलायला हवं.

इतर औषधं

फेंटॅनिल. रक्तदाब ढासळलेला असेल किंवा लघवी जवळपास बंद असेल तेव्हा मॉर्फीनपेक्षा बरं. तेही थंड शरीरात साचतं, हे विसरू नका. दर किलोला २० मायक्रोग्रॅम २० मिलीत. १ मिली तासाला म्हणजे दर किलोला तासाला १ मायक्रोग्रॅम. ३ किलोला ६० मायक्रोग्रॅम, म्हणजे १ मिलीत ५० मायक्रोग्रॅमच्या अँप्यूलमधलं १.२ मिली आणि १८.८ मिली डेक्स्ट्रोज. सुरुवात ०.५ मिली तासाला. बोलस दर किलोला १ मायक्रोग्रॅम, किमान ५ मिनिटांत. घाईने ढकललं तर छाती लाकडासारखी ताठ होते: अँबू (श्वास देण्याची पिशवी) दाबला जात नाही, छाती उचलत नाही, सॅच्युरेशन कोसळतं. नळी अडकली असं वाटतं, पण नळी मोकळी असते. तेव्हा स्नायू शिथिल करणारं औषध किंवा नॅलोक्सोन (मॉर्फीन-फेंटॅनिलचा उतारा) लागतं. दोन्ही मोजून हाताशी ठेवल्याशिवाय फेंटॅनिलचा बोलस देऊ नका.

डेक्समेडेटोमिडीन. श्वास फारसा दाबत नाही आणि कुडकुड कमी करतं, म्हणून स्वतः श्वास घेणाऱ्या बाळात आकर्षक वाटतं. नवजात बाळांसाठी त्याला अधिकृत मान्यता नाही. तेव्हा हा निर्णय सल्लागारांचा. पहिला मोठा डोस नको. दर किलोला तासाला ०.२ मायक्रोग्रॅमने सुरू करा, ०.५ च्या वर नको. ठोके मुळातच ९० आहेत, त्यात हे आणखी उतरवतं. ७० च्या खाली टिकून राहिले किंवा रक्तदाब पडला तर निम्मं करा, तरी सुधारलं नाही तर बंद.

मिडाझोलाम झटक्यांसाठी राखून ठेवा. वेदनेवर त्याचा उपयोग नाही, रक्तदाब पाडतं, आणि कधीकधी त्यानेच अंगाला आचके येतात, ते झटके वाटतात, आणि त्यावर आणखी मिडाझोलाम जातं. ट्रायक्लोफॉसचं सिरप कूलिंगमध्ये नको: आतडं मंद असल्याने किती शोषलं जाईल याचा भरवसा नाही आणि असर लांबतो. पॅरासिटामॉल यकृताच्या चाचण्या हातात येईपर्यंत टाळा. स्नायू शिथिल करणारी औषधं सेडेशन म्हणून कधीही नाहीत. बाळ हलत नाही इतकंच. दुखणं तसंच राहतं आणि झटके दिसेनासे होतात.

औषधाविना

टाचेला टोचणं या बाळांत खास त्रासाचं असतं. पाय गार, पांढुरका, रक्त येत नाही. मग सिस्टर पिळतात, पुन्हा टोचतात, आणि शेवटी मिळालेलं रक्त फुटलेलं निघतं आणि पोटॅशियम खोटं वाढलेलं येतं. बेंबीतली धमनीची लाइन असेल तर सगळं रक्त तिथूनच घ्या. तपासण्या एकत्र करा. सहा तासांत चार वेळा टोचण्याऐवजी एकदाच.

टोचावंच लागलं आणि बाळ चोखत असेल तर आईच्या चिकाचे दोन-तीन थेंब किंवा २४ टक्के सुक्रोजचे ०.१ ते ०.२ मिली जिभेच्या टोकावर, दोन मिनिटं आधी. गिळत नसलेल्या बाळाला तोंडात काही घालू नका.

दोन्ही हात छातीशी, पाय पोटाशी, आणि भोवती गुंडाळलेल्या सुती कापडाचा घेर. अंगावर पांघरूण नको, नाहीतर मशीन आणि कापड यांची ओढाताण सुरू होते. डोळ्यांवर उजेड नको. एक हात डोक्यावर, एक पायांवर, न थोपटता नुसता ठेवलेला. आई बहुतेक वेळा दुसऱ्याच रुग्णालयात सिझेरियनच्या टाक्यांसह पडलेली असते आणि बाळाजवळ बाबा किंवा आजी असतात. हात कुठे आणि कसा ठेवायचा ते त्यांना दाखवा. आईचा आवाज फोनवरून हळू लावता येतो. ब्रिस्टलच्या गटाने कूलिंग चालू असतानाच बाळ आईवडिलांच्या कुशीत देण्याची पद्धत बसवली आहे. मनुष्यबळ आणि सराव असेल तिथे ते शक्य आहे.

घरच्यांना ‘बेशुद्ध करून ठेवलंय’ असं कधीही सांगू नका. ‘थंडीचा आणि नळीचा त्रास होऊ नये म्हणून अगदी थोडं वेदनाशामक चालू आहे, ते रोज कमी करत जाऊ’ असं सांगा. आणि खरंच कमी करा.

काय बिघडतं, कुठे लक्ष ठेवायचं

गुंगीतलं बाळ कूस बदलत नाही. थंड, कमी रक्त पोचणारी पाठ गादीवर तासन्‌तास दाबली जाते आणि कातडीखालची चरबी मरते. पाठीवर, खांद्यांवर लालसर कडक गाठी येतात, त्या दुखतात, आणि आठवड्यांनी रक्तातलं कॅल्शियम चढतं. दर ४ तासांनी बाजू बदला आणि पाठ उघडी करून बघा. दुसऱ्या दिवशी गादीखालची बाजू कडक लागली तर लगेच लिहा.

रक्तातल्या वायूंची तपासणी करताना मशीनमध्ये बाळाचं खरं तापमान घाला. ३७ वर मोजलेला ४७ चा कार्बन डायऑक्साइड ३३.५ ला ४० च्या आसपास असतो. थंड शरीर तो कमी तयार करतं, आणि बाळ शांत झाल्यावरही व्हेंटिलेटर जुन्याच जोरावर राहिला तर आकडा ३५ च्या खाली घसरतो आणि मेंदूचा रक्तपुरवठा आकसतो. सेडेशन चढवल्यावर तासाभरात एक तपासणी हवीच. दुसऱ्या बाजूला, स्वतः श्वास घेणाऱ्या बाळात ५५ च्या वर गेला तर मॉर्फीन थांबवा.

पोट फुगलं, सहा तास लघवी नाही: आधी मूत्राशय हाताने तपासा. मॉर्फीनने लघवी अडते, आणि ‘मूत्रपिंड बंद’ म्हणून द्रव तोडले जातात.

गुंगी जास्त झाली तर आधी पंप बंद, श्वासाला आधार, मग विचार. व्हेंटिलेटरवर असलेल्या बाळाला नॅलोक्सोनची घाई नको. वेदनाशामक एकदम उतरलं की बाळ एकदम उसळतं.

रिवॉर्मिंग आणि बंद करणं

रिवॉर्मिंग (बाळाला पुन्हा गरम करणं) तासाला अर्धा अंश किंवा त्याहून सावकाश. त्याआधी मॉर्फीन २.५ वर आलेलं असावं. तापमान चढताना ठोके वाढतात आणि रक्तवाहिन्या सैल होऊन रक्तदाब पडतो. ९५ चे १३० झाले म्हणून बोलस देऊ नका, चेहरा बघा. झटके याच वेळी परत येतात, म्हणून एईईजी चालूच ठेवा. ३६.५ ला पोचून स्कोअर शांत असेल तर पंप बंद. तीन-चार दिवस या मात्रेत दिलेलं मॉर्फीन सरळ थांबवता येतं. पाच दिवसांच्या पुढे गेलं असेल तर रोज १० ते २० टक्के उतरवत न्या आणि चिडचिड, जांभया, पातळ शी यांवर लक्ष ठेवा.

एमआरआय सहसा चौथ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान होतो. त्यासाठी नव्याने औषध सहसा लागत नाही. पोटभर दूध, कानात रुई, घट्ट गुंडाळणं, बहुतेक बाळं झोपतात.

मेंदूची पुढची निर्णायक तपासणी औषध बंद झाल्यावर किमान २४ ते ४८ तासांनी, आणि मूत्रपिंड अजून नीट चालत नसेल तर त्याहून उशिरा. आईवडिलांशी भवितव्याबद्दल, विशेषतः उपचार थांबवण्याबद्दल बोलणं, मॉर्फीनच्या अंमलाखालच्या तपासणीवर आधारू नका. त्या तपासणीच्या कागदावर सगळ्यात वर दोन ओळी लिहा: मॉर्फीन कधी बंद केलं, आणि फेनोबार्बिटोनची शेवटची मात्रा कधी दिली.